डाव्या सीटवरची अट

हँडब्रेक काका गाडीत बसत नाहीत, रुजू होतात. वेळ सकाळी साडेसहाची. पायात बूट, कारण चपला घालून आणीबाणीला तोंड देता येत नाही असं त्यांचं मत. खिशात तीन वस्तू: स्वतःचं लायसन्स, सहा इंची स्टीलची पट्टी आणि हिरव्या शाईचं पेन. गाडी शिकणारा बिचारा सीट पुढेमागे करून, आरसा तीनदा हलवून, देवाचं नाव घेऊन तयार बसलेला असतो. काका दाराला हात लावत नाहीत. आधी गाडीभोवती फिरतात. पुढच्या ‘एल’ला पट्टी लावतात, मागच्याला लावतात. पाटी हवी 18 सेंटिमीटर चौरस आणि पट्टी आहे 15 सेंटिमीटरची, त्यामुळे पंधरावर नखाने खूण करून पुढचे तीन वेगळे मोजावे लागतात. मोठी पट्टी का घेत नाही, असं विचारलं तर म्हणतात, “खिशात मावत नाही.” पाटी पांढरी आणि अक्षर लाल आहे ना, अक्षराची उंची 10 सेंटिमीटर, जाडी 2 सेंटिमीटर आणि तळाची रुंदी 9 सेंटिमीटर आहे ना, एवढं बघून झालं की खिडकीतून हात आत घालतात आणि म्हणतात, “पॉलिसी.”

“मोबाइलमध्ये आहे काका.”

“मोबाइल बंद पडला तर?”

त्यामुळे ट्रॉम्बेत आमच्या बाजूला ज्याला गाडी शिकायची असते तो आधी झेरॉक्सच्या दुकानात जातो.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमन सोडून कुणी वाचत नाही. नोकरी झाली भाभा अणुसंशोधन केंद्रात, उपकरणांच्या देखभालीत. निवृत्तीनंतर अणुशक्तीनगरातलं क्वार्टर सोडावं लागलं, पण ट्रॉम्बे सोडवेना, म्हणून कोळीवाड्याच्या अलीकडे चार मजली सोसायटीत घर घेतलं. नोकरी सुटली, नोकरीतला स्वभाव सुटला नाही. “आमच्याकडे 4 ऑगस्ट 1956 ला अप्सरा चालू झाली,” ते सांगतात, “आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी. चालू करायला काय, कुणीही करील. थांबवायची सोय आधी लागते.” अप्सरा चालू झाली तेव्हा काकांचा जन्मसुद्धा झालेला नव्हता, पण ‘आमच्याकडे’ म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. ध्रुव अणुभट्टी 1985 साली सुरू झाली तेव्हा मात्र ते नोकरीत होते, आणि त्या वर्षाचा उल्लेख लोक घरातल्या लग्नाचा करतात तसा ते करतात.

हीच शिकवण त्यांनी गाडीत आणली. त्यांच्या शिकवणीच्या पहिल्या दिवशी इंजिन सुरूच होत नाही. पाऊण तास नुसता हँडब्रेक.

“ओढा. सोडा. पुन्हा ओढा. आवाज ऐकलात? किती दात वाजले?”

“पाच असतील.”

“सहा. उद्या मोजून या.”

गेटवरून जाणारा-येणारा विचारतो, “काय काका, गाडी सुरू होत नाही का?” काका त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. ज्याला थांबणं कळत नाही त्याच्याशी ते बोलून वेळ घालवत नाहीत.

आता कुणी म्हणेल, एवढा मान एका शेजारच्या म्हाताऱ्याला कशासाठी? तर त्यामागे कायदा आहे, आणि तो काकांना तोंडपाठ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम तीन. कच्चं लायसन्स असलेल्याने गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस शिकवायला हवा, आणि तो अशा जागी बसलेला हवा की वेळ आली तर त्याला गाडी आवरता किंवा थांबवता येईल. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला डबल कंट्रोल सक्तीचा असतो, तिथे मास्तरच्या पायाखाली त्याचा स्वतःचा ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो कुठून येणार? तिथे शेजारच्याच्या हाती येतो एकच दांडा, दोन सीटच्या मधला. म्हणून काका गाडी चालू असेपर्यंत उजवा हात त्या दांड्यावरून उचलत नाहीत. नाक खाजलं तरी डाव्या हाताने.

इथपर्यंत सगळ्यांना समजतं. पुढचं काकांना समजलेलं आहे आणि ते इतरांना समजावण्यातच त्यांचं निवृत्त आयुष्य चाललं आहे. गाडीच्या पॉलिसीत बारीक अक्षरात ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ म्हणून एक परिच्छेद असतो. एजंट तो वाचत नाही, गिऱ्हाईक वाचत नाही, काका हिरव्या शाईने अधोरेखित करतात. तिथे लिहिलेलं असतं की कच्च्या लायसन्सवालाही ही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने नियम तीन पाळलेला असला पाहिजे. म्हणजे शिकाऊ माणसासाठी आपल्याकडे निराळा विमा घ्यावा लागत नाही. विमा गाडीचा असतो, तोच त्याला लागू होतो, पण ‘एल’ची पाटी आणि शेजारचा माणूस या दोन खुंट्यांवर टांगलेला.

“आता मला सांगा,” काका म्हणतात, “मी चहा प्यायला मध्येच उतरलो आणि तुम्ही गाडी पुढे घेतलीत, तर या पॉलिसीचं काय झालं?”

“काय झालं?”

“रद्दी झाली. मी तुमच्याशेजारी माणूस म्हणून बसत नाही. अट म्हणून बसतो.”

काकूंना हे वाक्य फार आवडतं. “लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नाही,” त्या म्हणतात, “नाहीतर अट मान्य नाही म्हणाले असते.” पण त्यांची खरी तक्रार नाही. घरात टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे, गॅसचं बटण त्यांच्याकडे. “आयुष्यात पहिल्यांदा यांनी थांब म्हटल्यावर काहीतरी थांबतंय. थांबू दे की.”

रद्दी हा शब्द काका रागाच्या भरात वापरतात, शांत झाले की दुरुस्त करतात. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला लागलं तर त्याची भरपाई सहसा बुडत नाही. कंपनी आधी त्याला देते आणि अट मोडलेली निघाली तर मागाहून गाडीमालकाकडून वसूल करते. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात सांगून टाकलं की कच्चं लायसन्स हेही लायसन्सच. गाडी शिकाऊच्या हातात होती एवढ्या कारणावरून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. हा निकाल काका असा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पाठीमागच्या बाकावर तेच बसले होते. “पण स्वतःच्या गाडीचा पत्रा मोडला,” असं म्हणून ते बोट वर करतात, “तर कंपनी तुमचं तोंड बघत नाही, कागद बघते. आणि कागद विचारतो, काका कुठे होते?”

स्वतःच्या जिवाचा हिशेबही त्यांनी केलेला आहे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या गाडीत ते पाय ठेवत नाहीत. “त्यात रस्त्यावरच्याला धरतात. शेजारच्या सीटवर फुकट बसलेल्याला कुणी विचारत नाही.” पूर्ण पॉलिसी असली तरी त्यांचं समाधान होत नाही, प्रवाशांचं अपघाती संरक्षण वेगळं घ्यायला लावतात, जे माणशी जास्तीत जास्त दोन लाखांचं मिळतं. त्यातली एकच गोष्ट त्यांना बोचते. पॉलिसीत त्या सीटवरच्या माणसाला ‘अनामिक प्रवासी’ म्हणतात. “दोन लाखांबद्दल काही म्हणणं नाही,” ते म्हणतात, “पण अनामिक? सगळी पॉलिसी ज्याच्यावर उभी, तोच अनामिक?”

काकांचा एक पुतण्या इंग्लंडात असतो. त्याने एकदा फोनवर सांगितलं की तिकडे विमा बहुतेक चालवणाऱ्या माणसाच्या नावाने चालतो, त्यामुळे बापाच्या गाडीवर शिकणाऱ्या पोराला दिवसाच्या नाहीतर आठवड्याच्या हिशेबाने वेगळा विमा विकत मिळतो. आणि शेजारी बसणारा एकवीस वर्षांच्या वरचा हवा, शिवाय त्याच्याकडे तीन वर्षं तरी पक्कं लायसन्स असलेलं हवं. पहिल्या भागाबद्दल काकांना विशेष वाटलं नाही. दुसरा भाग त्यांनी पुतण्याकडून दोनदा वदवून घेतला आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. आपल्याकडे शेजारी बसायला लायसन्स पुरतं. काल मिळालेलं असलं तरी चालतं. ही ढिलाई त्यांच्या मनाला लागून राहिली, ती कशी बाहेर पडली ते पुढे येईलच.

ट्रॉम्बे हे गाडी शिकायला सोपं आणि अवघड असं दोन्ही आहे. सोपं अशासाठी की रस्ता चुकायला जागा नाही. शीवहून आलेला रस्ता इथे येऊन जेट्टीवर संपतो, पुढे खाडी. अवघडही त्याचमुळे. थांबणं जमलंच पाहिजे. शिवाय चिता कॅम्पच्या नाक्यावर रिक्षा, बेस्टची बस, हातगाडी आणि शाळेची पोरं एकाच वेळी आपापल्या घाईत असतात, आणि सकाळी कोळीवाड्याकडून मासळीच्या पाट्या निघालेल्या असतात. काका म्हणतात, मासळीवाल्या बाईच्या पाटीला धक्का लागला तर कुठलीच पॉलिसी कामाला येत नाही. म्हणून पहिले काही दिवस सोसायटीचं आवार, मग अणुशक्तीनगराच्या बाहेरचा रस्ता, आणि हात बसला की रविवारी पहाटे वाशीच्या पुलावरून खाडीपलीकडे, खारघरच्या रुंद रस्त्यांवर. पूर्वी या सहलीत वाशीचा टोलनाका म्हणजे अर्धी परीक्षा असायची. रांगेत चढावर थांबा, पुढे सरका, इंजिन बंद पाडा, मागच्याच्या शिव्या खा. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरचा छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा सगळी मुंबई पैसे वाचले म्हणून खूश होती. काका एकटेच हळहळले. “हाफ क्लच शिकवायला याच्याइतकी चांगली जागा नव्हती.”

त्यांच्या शिष्यांत दोघांची आठवण काढावीच लागेल. एक कोळीवाड्यातला पोरगा. त्याने जुनी गाडी घेतली आणि पहाटेच खालून हाक दिली, “काका, आपली गारी आयली!” काका खाली गेले, गाडीभोवती फिरले आणि पॉलिसी मागितली. नाव पहिल्या मालकाचं.

“गाडी तुझी, आरसी तुझी, आणि पॉलिसी त्याची?”

“त्यानं सांगितलं, मार्चपर्यंत चालतंय.”

“थर्ड पार्टी चालेल. कायदा म्हणतो, गाडीबरोबर ती नव्या मालकाकडे आपोआप येते. पण तुझा स्वतःचा पत्रा मोडला तर? चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. आज कितवा दिवस?”

पोरगा बोटं मोजायला लागला. काकांनी त्याला गाडीत न बसवता थेट एजंटाकडे पाठवलं. तिथून आणखी एक बातमी घेऊन तो परत आला: पहिल्या मालकाने इतकी वर्षं क्लेम न केल्याचं जे बक्षीस जमवलं होतं, ते त्याने स्वतःजवळ ठेवलं होतं. ‘नो क्लेम बोनस’ माणसाचा असतो, गाडीबरोबर विकला जात नाही. पोरगा हिरमुसला. “सीटकव्हर दिलं, टेपरेकॉर्डर दिला, बोनस नाय दिला.” काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू नवा कमव. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की वीस टक्के. पाच वर्षं गेली की पन्नास. हँडब्रेक ओढ.”

दुसऱ्या म्हणजे शाळेतल्या बाई. चेंबूरच्या शाळेत गणित शिकवतात, नवरा बोटीवर असतो, गाडी नवीन. क्लच सोडताना त्या डोळे मिटायच्या. बाकी शिष्या गुणी. दात मोजायला सांगितले तर मोजून वहीत लिहून आणणाऱ्या. एके दिवशी रिव्हर्स घेताना त्यांचा मागचा बंपर सोसायटीच्या गेटच्या खांबाला टेकला. टेकला हा त्यांचा शब्द. काकांनी हँडब्रेक ओढला होता, पण खांब त्याआधीच येऊन पोचला होता. बंपरला चीर गेली, खांबाचा ओंजळभर गिलावा पडला.

पाच मिनिटांत सेक्रेटरी हजर. त्यांच्या कानावर कुठूनतरी गेलेलं होतं की थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंतचं नुकसान भरून मिळतं. त्यांच्या डोळ्यांसमोर नवं गेट, दिव्याचे खांब, जमलं तर वॉचमनची केबिनसुद्धा उभी राहिली.

“सोसायटी थर्ड पार्टी आहे की नाही काका?”

“आहे,” काका म्हणाले.

“मग?”

“मग पोलिसांत नोंद करा, मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज करा, खांबाच्या किमतीचा पुरावा द्या. वकील लागेल. तारखा पडतील.”

सेक्रेटरींनी खांबाकडे पाहिलं, ओंजळभर गिलाव्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यावर काम करणाऱ्या गवंड्याला हाक मारली.

उरला बंपर. बाई म्हणाल्या, “मग विमा कशासाठी घेतला? क्लेम करू या.” काकांनी पॉलिसी पालथी घातली आणि पाठकोऱ्या बाजूवर हिरव्या शाईने हिशेब मांडला. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, नवा बंपर तीन हजार, मजुरी एक हजार. बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर यांना विमा कंपनी पन्नास टक्के घसारा लावते. काच फुटली असती तर घसारा शून्य. “म्हणजे मी काचेवर आपटायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. काका हसले नाहीत. तर बंपरचे दीड हजार, अधिक मजुरीचे एक हजार, झाले अडीच. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची हजाराची वजावट. हातात दीड हजार. आता क्लेम केला की पुढच्या वर्षीचा वीस टक्के बोनस गेला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता धरा नऊ हजार; वीस टक्के म्हणजे अठराशे.

“दीड हजार मिळवायला अठराशे घालवायचे,” काकांनी खाली दोन रेघा मारल्या. “तुम्ही गणित शिकवता ना?”

बाई काही क्षण गप्प राहिल्या. “घसारा न कापणारं झीरो डेप घ्या असं शोरूमवाला म्हणत होता,” त्या म्हणाल्या. “माझ्या भावाने पैसे वाचवले.” ज्या भावाने पैसे वाचवले त्याला त्या संध्याकाळी फोन गेला असावा, कारण बोलण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता.

आता जी गोष्ट सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे आणि काकांसमोर कुणी काढत नाही, ती सांगायला हवी. काकांनी स्वतः गाडी चालवलेली नाही. म्हणजे एकदा चालवली, 1984 साली, परीक्षेपुरती, ट्रेनिंग स्कूलच्या फियाटवर. पास झाले. लगेच स्वतःची घेणार होते, पण तेव्हा गाडी नोंदवून नंबर लागण्याची वाट बघावी लागे, आणि नंबर लागेपर्यंत मुलीची शाळा आली, मग क्लास, मग लग्न. दाराशी ऑफिसची बस येत होती, ती धरली. त्यानंतर लायसन्स मात्र त्यांनी एकदाही चुकू दिलेलं नाही. वय वाढल्यापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. डॉक्टरचा दाखला घेऊन वडाळ्याच्या आरटीओत ते मुदतीच्या आधी जातात, आणि शिष्याची पॉलिसी बघण्यापूर्वी स्वतःचं लायसन्स उलटसुलट करून त्याला दाखवतात. “तारीख बघून घ्या. संपलेलं असलं तर आपण दोघंही बेकायदा.” अशी इमानदारी गाडी चालवणाऱ्यांत सुद्धा क्वचित दिसते.

एकदा एका आगाऊ तरुणाने तोंडावर विचारलंच. “काका, तुम्ही कधी चालवली नाहीत, मग आम्हाला कसं शिकवता?”

काका शांत होते. “नियमात काय लिहिलंय? लायसन्स असलेला. चालवणारा असं लिहिलंय का?”

तरुणाने मान खाली घातली, आणि काकांच्या खात्यात नियम तीनचा आणखी एक विजय जमा झाला.

हे सगळं सुरळीत चालू असताना दुसऱ्या विंगमध्ये एक नवी कोरी गाडी आली. काका पट्टी घेऊन खाली उतरले. पाटी बरोबर, पॉलिसी छापील, प्रवाशांचं संरक्षण घेतलेलं. शिकणाऱ्या मुलीने अभ्यास करून ठेवला होता. काका रुजू झाले, पट्टा लावला, सवयीने उजवा हात खाली नेला, आणि हात नुसताच कप ठेवायच्या खळग्यात गेला.

“दांडा कुठे आहे?”

“नाही काका. बटण आहे. इलेक्ट्रॉनिक.”

नखाएवढं बटण. काकांनी ते ओढून पाहिलं. कुठेतरी आत बारीकसा आवाज झाला. दात नाहीत, मोजणार काय? ते पट्टा सोडून खाली उतरले. “मला इथून गाडी थांबवता येत नसेल तर मी नियम तीनमध्ये बसत नाही. मी बसत नसलो तर पॉलिसी बसत नाही.” मुलीने समजावलं, तिच्या वडिलांनी समजावलं. काकांनी एवढंच मागितलं: गाडीचं मॅन्युअल.

रात्रभर त्यांच्या खोलीत दिवा होता, असं काकू सांगतात. निवृत्तीनंतर इतके खूश त्यांना पाहिलं नव्हतं, असंही. सकाळी ते मॅन्युअलमध्ये हिरवी खूण घालून उतरले. गाडी चालू असताना ते बटण ओढून धरून ठेवलं, तर गाडी स्वतःच चारही चाकांना ब्रेक लावून थांबते, असं त्या पुस्तकात छापलेलं होतं. “छापलेलं आहे,” काका म्हणाले, “पण आमच्याकडे छापलेल्यावर भट्टी चालवत नाहीत. चाचणी घ्यायची.” जेट्टीच्या रस्त्याचा मोकळा तुकडा, ताशी वीसचा वेग, मागे कुणी नाही याची खातरजमा. मुलीने ॲक्सिलरेटर सोडला, काकांनी एका बोटाने बटण ओढून धरलं. गाडी गचकन थांबली. डॅशबोर्डवरचा गणपती काकांच्या मांडीवर आला. त्यांनी तो परत जागेवर बसवला आणि बोटाकडे पाहिलं.

“चालेल,” ते म्हणाले. “पण यात मजा नाही.”

काकांच्या व्यवसायाची अडचण एकच. शिष्य पास झाला की काकांची गरज संपते. कच्चं लायसन्स सहा महिन्यांचं. तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. परीक्षेच्या दिवशी काका वडाळ्याला सोबत जातात, मुंबई पूर्वच्या एमएच 03 पाट्यांच्या गर्दीत उभे राहतात, आणि शिष्य आनंदाने बाहेर आला की स्वतःच्या हाताने दोन्ही ‘एल’ उपटून काढतात. पाट्या घरी आणतात. पुढच्याला उपयोगी पडतात, मापात बसलेल्या असतात.

शाळेतल्या बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. काकांनी पेढा खाल्ला, पाट्या काढल्या आणि नव्या शिष्याची वाट बघत बसले. पंधरा दिवसांनी नवरा बोटीवरून सुट्टीला आला. त्याला गाडी येत नव्हती. समुद्रावर लागत नाही. त्या रविवारी सकाळी साडेसहाला काकांनी गॅलरीतून खाली पाहिलं तर नवरा उजवीकडे, समोर आणि मागे कोऱ्या पाट्या, आणि डाव्या सीटवर, हँडब्रेकवर हात ठेवून, बाई. पंधरा दिवसांचं लायसन्स.

“ओढ,” खालून आवाज आला. “सोड. किती दात वाजले?”

काका खाली गेले, पाट्या मोजल्या, मापात निघाल्या. पॉलिसी छापील. बाईंचं लायसन्स वैध. नियमात बोट ठेवायला जागाच नव्हती. ते वर आले, चहा न घेता टेबलाशी बसले आणि दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला पत्र लिहायला घेतलं. विषय: नियम तीनमध्ये दुरुस्ती होणेबाबत. शिकाऊ उमेदवाराशेजारी बसणाऱ्या व्यक्तीस किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, इंग्लंडात तशी पद्धत आहे, वगैरे. मजकूर चांगला झाला होता. काकूंनी चष्मा लावून वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“गाडी चालवण्याचा तीन वर्षांचा अनुभव,” त्यांनी मोठ्याने वाचलं आणि काकांकडे पाहिलं.

काकांनी पेन घेतलं, ‘गाडी चालवण्याचा’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘लायसन्स बाळगण्याचा’.